गच्चीवरून उपग्रहदर्शन

२ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ मराठवाड्यातील अनेकांच्या स्मरणात असेल. तो गुढीपाडव्याचा दिवस होता. सूर्य मावळून तास उलटला होता. पावणेआठच्या सुमारास आकाशात एकाएकी तेजस्वी गोळ्यांची एक रांग प्रकट झाली. प्रत्येक गोळ्यामागे लालसर-पिवळी शेपटी होती. आवाज नव्हता, घाई नव्हती. एखादी शोभायात्रा जावी तशी ती रांग संथपणे सरकत गेली आणि विझली. मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशातील असंख्य लोकांनी ते दृश्य पाहिले. कोणी म्हणाले, उल्का पडली. कोणाला पेटलेले विमान वाटले, कोणाला क्षेपणास्त्र. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावाच्या शिवारात, सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे एक भले मोठे कडे आढळले. त्याच परिसरात पुढे धातूचा गोळाही मिळाला. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही.

त्या रात्री काही जाणकारांनी पहिला तर्क केला तो असा, की त्याच दिवशी न्यूझीलंडहून सुटलेल्या एका रॉकेटचा हा भाग असावा. दिवस तोच असल्यामुळे हा तर्क सहज पटण्यासारखा होता; परंतु कक्षांचे गणित मांडून पाहणाऱ्या अभ्यासकांनी तो दुरुस्त केला. फेब्रुवारी २०२१ मध्ये चीनने सोडलेल्या ‘चांग झेंग ३-बी’ या रॉकेटचा तिसरा टप्पा वर्षाहून अधिक काळ पृथ्वीभोवती फिरत होता. त्याचा त्या संध्याकाळचा मार्ग आपल्या भागावरून जात होता आणि वातावरणात शिरून जळणारी वस्तू तीच होती, असा निष्कर्ष त्यांनी काढला. अमुक वस्तू अमुक वेळी कोठे आहे, याची नोंद ठेवणारे कोणीतरी जगात होते, म्हणूनच भीतीचे रूपांतर ज्ञानात होऊ शकले.

साठी ओलांडलेल्या वाचकांना याहून जुनी एक आठवण असेल. १९७९ च्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या आरंभी ‘स्कायलॅब’ हा शब्द घरोघरी पोहोचला होता. सुमारे ७७ टन वजनाची अमेरिकेची ती अंतराळ प्रयोगशाळा पृथ्वीवर कोसळणार होती. पण कोठे, हे निश्चित सांगता येत नव्हते. खेड्यापाड्यांत लोक आकाशाकडे धास्तीने पाहत होते. अखेरीस ११ जुलै १९७९ रोजी तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडले. तिकडच्या एस्परन्स येथील स्थानिक प्रशासनाने कचरा टाकल्याबद्दल अमेरिकेच्या अंतराळ संस्थेला ४०० डॉलरचा दंड ठोठावला, ही गंमतही इतिहासात नोंदली गेली आहे.

या दोन प्रसंगांमध्ये ४३ वर्षांचे अंतर आहे. या काळात उपग्रह आपल्या जीवनात खोलवर शिरले. हवामानाचा अंदाज, दूरचित्रवाणी, नकाशे, शेतीची छायाचित्रे हे सारे त्यांच्यामुळे मिळते. तरीही स्वतःच्या डोळ्यांनी उपग्रह पाहिलेली माणसे आपल्या समाजात फार थोडी असतील. वास्तविक तो पाहण्यासाठी दुर्बीण लागत नाही, पैसा लागत नाही, प्रवास लागत नाही. घराची गच्ची, निरभ्र आकाश आणि थोडा धीर एवढी सामग्री पुरते. या निर्मळ छंदाची ओळख करून देण्यासाठी हा लेख.

उपग्रह दिसतो तरी कसा?

उपग्रहाला स्वतःचा दिवा नसतो. आपल्याला दिसतो तो त्याच्या धातूच्या अंगावरून आणि सौर पट्ट्यांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश. सूर्य मावळला की जमिनीवर अंधार पडू लागतो; पण चारशे किलोमीटर उंचीवर सूर्य अजून मावळलेला नसतो. डोंगरपायथ्याशी सावली आलेली असताना शिखरावर ऊन रेंगाळावे, तसेच हे आहे. आपण अंधारात, उपग्रह उन्हात, अशी स्थिती असेल तेव्हाच तो चमकणारा ठिपका होऊन दिसतो. म्हणून मध्यरात्री तो दिसत नाही, कारण तेव्हा त्याच्यावरही पृथ्वीची छाया असते. दिवसाही दिसत नाही, कारण तेव्हा आकाश उजळलेले असते.

जालन्याच्या अक्षांशावर ही सोयीची वेळ सूर्यास्तानंतर साधारणतः अर्ध्या तासाने सुरू होते आणि सुमारे दीड तासापर्यंत टिकते. पहाटे याच्या उलट, सूर्योदयापूर्वी दीड तासापासून अर्धा तास आधीपर्यंत. आपल्या वाचकांच्या ध्यानात एक गोष्ट लगेच येईल. ज्या घरांत रात्रिभोजनाचा त्याग पाळला जातो, त्या घरांतील स्वयंपाक, जेवण आणि आवराआवर सूर्यास्तापूर्वीच पूर्ण झालेली असते. इतरांच्या घरी जी वेळ ताटे वाढण्याची, तीच आपल्याकडे मोकळी. देवसी प्रतिक्रमण आटोपून गच्चीवर गेले तरी उपग्रहदर्शनाची उत्तम अर्धी घटका हाती उरते. सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा पाहायलाही कोठे जावे लागत नाही. नवकारसी आणि चौविहाराच्या वेळा देणारे पंचांग आपल्या भिंतीवर असतेच. डिसेंबरात जालन्याचा सूर्यास्त सहाच्या आत होतो, तर जूनमध्ये सातनंतर. तेवढे पाहून घड्याळ लावावे.

काळाचे आणखी एक माप आपल्या परिचयाचे आहे. एका सामायिकाचा अवधी ४८ मिनिटांचा. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने सोडलेला जगातील पहिला कृत्रिम उपग्रह ‘स्पुटनिक’ पृथ्वीची एक फेरी ९६ मिनिटांत पूर्ण करीत असे, म्हणजे बरोबर दोन सामायिकांत. आजचे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक त्याहून किंचित वेगाने, सुमारे ९३ मिनिटांत फेरी मारते. आपण कटासनावर बसून एक सामायिक पूर्ण करतो, तेवढ्यात ते स्थानक अर्ध्याहून अधिक पृथ्वी ओलांडून पलीकडच्या खंडावर पोहोचलेले असते.

पहिली संध्याकाळ

आरंभ अंतराळ स्थानकापासूनच करावा. ते आकाशातील सर्वांत मोठे आणि सर्वांत तेजस्वी कृत्रिम वस्तुरूप आहे. त्याचा पहिला भाग २० नोव्हेंबर १९९८ रोजी सोडला गेला आणि २ नोव्हेंबर २००० पासून त्यात सतत माणसे राहत आहेत. त्याची रुंदी सुमारे १०९ मीटर, उंची साधारण ४०० ते ४२० किलोमीटर आणि वेग ताशी सुमारे २७,६०० किलोमीटर. भारतीय वंशाच्या सुनीता विल्यम्स यांनी तेथे दीर्घकाळ वास्तव्य केले. जून-जुलै २०२५ मध्ये आपले शुभांशू शुक्ला तेथे १८ दिवस राहून आले. ज्या ठिपक्यात माणसे आहेत, तो ठिपका पाहताना मुलांच्या चेहऱ्यावर येणारा भाव निराळाच असतो.

स्थानक कधी दिसणार हे आधी पाहून ठेवावे लागते. ‘नासा’चे ‘स्पॉट द स्टेशन’ आणि ‘हेव्हन्स-अबव्ह’ ही दोन साधने मोबाइलवर विनामूल्य मिळतात. त्यांत आपले गाव नोंदवावे. जालना शहरासाठी अक्षांश १९.८ अंश उत्तर आणि रेखांश ७५.९ अंश पूर्व. भोकरदन, अंबड, परतूर, मंठा येथे राहणाऱ्यांनी आपापल्या गावाचे नाव द्यावे. काही सेकंदांचा आणि थोड्या अंशांचा फरक पडतो. पुढील दहा दिवसांची एक तालिका समोर येते. तीत तारीख, आरंभाची वेळ, दिशा, क्षितिजापासूनची उंची आणि तेजस्विता दिलेली असते.

ही तालिका वाचताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, तेजस्वितेचा आकडा उलटा असतो. आकडा जितका लहान, तितका ठिपका तेजस्वी. उणे चिन्ह असेल तर अधिकच तेजस्वी. ध्रुवताऱ्याची प्रत सुमारे २, तर स्थानकाची उणे ३ च्याही पलीकडे जाऊ शकते. दुसरी, उंची अंशांत दिलेली असते. क्षितिज म्हणजे शून्य आणि डोक्यावरचा बिंदू म्हणजे ९० अंश. हात पूर्ण लांबवून मूठ वळली, तर त्या मुठीची रुंदी सुमारे १० अंश भरते. जालन्याहून ध्रुवतारा क्षितिजापासून दोन मुठी उंच दिसतो, त्यावर आपली मूठ पारखून घ्यावी. तिसरी, प्रथम निवडताना ४० अंशांहून अधिक उंचीवरून जाणारी फेरीच निवडावी. खालून जाणारी फेरी धुळीत आणि इमारतींमागे हरवते.

नकाशा पाहताना जवळजवळ प्रत्येक नवशिक्याकडून एक चूक होते. आमच्याकडूनही पहिल्या संध्याकाळी ती झाली. आकाशाच्या नकाशात पूर्व दिशा डावीकडे असते. हे पाहून नकाशा चुकला असे वाटते. पण तो जमिनीवर ठेवण्यासाठी नसून डोक्यावर धरून वर पाहण्यासाठी असतो. तसा धरला की दिशा जुळतात. आम्ही तो टेबलावर ठेवून वाचला आणि सारे कुटुंब पूर्वेकडे तोंड करून उभे राहिलो. स्थानक आमच्या पाठीमागून, पश्चिमेकडून आले. धाकट्या मुलीने सहज मागे वळून पाहिले, म्हणून ते दिसले.

ठरलेल्या वेळेच्या दहा मिनिटे आधी गच्चीवर जावे. दिवे मालवावेत, मोबाइलचा उजेड कमी करावा, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्यावी. मग वायव्य किंवा नैर्ऋत्य बाजूला क्षितिजाजवळ एक फिकट ठिपका उगवतो. तो लुकलुकत नाही, थांबत नाही. वर चढताना उजळत जातो आणि माथ्याजवळ येईपर्यंत गुरू ग्रहालाही मागे टाकतो. सारी यात्रा फार तर सहा मिनिटांची. पुष्कळदा पूर्वेकडे उतरताना, मोकळ्या आकाशाच्या मधोमध, तो थोडा तांबूस होऊन काही सेकंदांत नाहीसा होतो. ढग नसतो, आडोसा नसतो. स्थानक पृथ्वीच्या छायेत शिरलेले असते. आतील अंतराळवीरांनी त्या क्षणी एक सूर्यास्त पाहिलेला असतो, आणि दिवसाकाठी त्यांना असे सुमारे पंधरा-सोळा सूर्यास्त घडतात. पहाटेच्या फेरीत हेच उलट घडते. रिकाम्या आकाशात ठिपका अचानक उमटतो.

स्थानक रोज दिसत नाही. त्याची कक्षा सूर्याच्या तुलनेत हळूहळू फिरत असल्यामुळे काही दिवस ते संध्याकाळी दिसते, काही दिवस पहाटे, तर मध्ये काही दिवस मुळीच नाही. म्हणून तालिका रिकामी आली तर निराश न होता आठवड्याने पुन्हा पाहावी.

ओळख पटवण्याच्या खुणा

आकाशात सरकणारे सारेच उपग्रह नव्हेत. विमानाला लाल, हिरवे आणि उघडझाप करणारे पांढरे दिवे असतात. बहुधा मागाहून आवाजही येतो. उल्का एक-दोन सेकंदांत लकेर ओढून विझते. उपग्रह मात्र एकाच पांढऱ्या ठिपक्याच्या रूपाने, समान गतीने, दोन-पाच मिनिटे चालत राहतो. बहुतेक उपग्रह पश्चिमेकडून पूर्वेकडे किंवा उत्तर-दक्षिण जातात. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरत असल्याने तिच्या गतीचा लाभ घेऊन रॉकेट त्याच दिशेने सोडणे स्वस्त पडते, हे त्याचे कारण. उत्तर-दक्षिण जाणारे पुष्कळसे उपग्रह पृथ्वीची छायाचित्रे घेणारे असतात; आपल्या देशाचे दूरसंवेदन उपग्रहही याच प्रकारच्या कक्षेत फिरतात.

कोसळणारे रॉकेट कसे ओळखावे, हे लाडबोरीच्या प्रसंगाने शिकवले. ते उल्केपेक्षा पुष्कळ संथ असते, अनेक तुकड्यांत फुटत जाते आणि त्याचे दृश्य बराच वेळ टिकते. असे काही पुन्हा दिसले तर घाबरू नये. वेळ, दिशा आणि किती सेकंद दिसले ते टिपून ठेवावे. जमिनीवर एखादा अनोळखी धातूचा तुकडा आढळला तर हात न लावता पोलिसांना कळवावे. रॉकेटच्या टाक्यांत अपायकारक इंधनाचे अवशेष राहिलेले असू शकतात.

संध्याकाळी एका सरळ रेषेत, गाडीच्या डब्यांसारखे एकामागून एक जाणारे ठिपकेही अलीकडे पुष्कळांनी पाहिले असतील. तो ‘स्टारलिंक’चा ताफा. मे २०१९ मध्ये त्यांचा पहिला साठ उपग्रहांचा समूह सोडला गेला. एकाच रॉकेटने सोडलेले हे उपग्रह प्रारंभी जवळजवळ असतात, मग काही दिवसांत पांगून वरच्या कक्षेत जातात आणि अंधुक होतात.

आणि जे दिसत नाहीत त्यांचेही स्मरण ठेवावे. घरोघरीची डिश आग्नेयेच्या बाजूला तोंड करून स्थिर असते. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असलेले उपग्रह पृथ्वीच्या गतीनेच फिरतात, म्हणून आपल्याला ते एका जागी थांबल्यासारखे असतात. इतक्या दुरून ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. पण त्यांची दिशा आपली डिश रोज दाखवत असते.

जालन्याच्या आकाशाचे भाग्य

आपले गाव विषुववृत्तापासून फार दूर नाही, याचा एक विशेष लाभ आहे. २४ एप्रिल १९९० रोजी सोडलेली ‘हबल’ दुर्बीण साडेअठ्ठावीस अंश कललेल्या कक्षेत फिरते. त्यामुळे ती लंडनच्या क्षितिजावर येत नाही. तेथील हौशी निरीक्षक तिच्यासाठी दक्षिणेकडे प्रवास करतात. जालन्याहून मात्र ती अनेकदा माथ्याजवळून जाते. ध्रुवताऱ्याएवढा साधा ठिपका, पण ज्याने विश्वाची आजवरची अनेक अप्रतिम छायाचित्रे दिली तोच हा ठिपका! चीनचे ‘तिआनगोंग’ स्थानकही आपल्याला उंचावर दिसते. तालिकेत यांची नावे निवडली की त्यांच्या वेळा मिळतात.

ऋतूंचा विचार करता चातुर्मासाचा पूर्वार्ध या छंदाला अनुकूल नाही. आषाढ-श्रावणात आकाश ढगांनी व्यापलेले असते. दिवाळीपासून होळीपर्यंतचे महिने सर्वोत्तम. हवा स्वच्छ, सूर्यास्त लवकर आणि पहाटेही ढग नसतात. वैशाखात धूळ असते, तरी तेजस्वी उपग्रह दिसतात. शहरात पोलाद कारखान्यांच्या बाजूला धूर आणि उजेड अधिक असल्याने त्या क्षितिजाकडील फेरी टाळावी. घाणेवाडी जलाशयाकडील मोकळा परिसर किंवा नातेवाइकांची शेतातील वस्ती मिळाली तर आकाशाचे रूप पालटून जाते. तेथे तासाभरात दहा-बारा उपग्रह सहज मोजता येतात. मात्र अनोळखी जागी एकट्याने जाऊ नये, आणि समृद्धी महामार्गाच्या कडेला गाडी थांबवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. गच्चीवरही वर पाहत चालू नये. कठड्याजवळ मुलांचा हात धरावा. बसून किंवा चटईवर पडून पाहणे सर्वांत सुखाचे.

येथे उजेडाविषयी थोडे बोलले पाहिजे. रात्रिभोजनाच्या त्यागामागे दिव्याकडे झेपावणाऱ्या सूक्ष्म जीवांचा विचार आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आज घराबाहेरचे पांढरे प्रखर दिवे रात्रभर जळतात आणि सकाळी त्यांच्याखाली कीटकांचा सडा पडलेला असतो. तोच उजेड आकाशात उधळून तारे आणि उपग्रहही पुसून टाकतो. दिव्यावर टोपण घालून प्रकाश खाली वळवला, नको तेव्हा तो मालवला, तर जीवदयाही होते, वीजही वाचते आणि मुलांना आकाशही परत मिळते. समाजाच्या भवनांनी आणि स्थानकांनी याचा आरंभ केला तर घरेही अनुकरण करतील.

वहीची किंमत

काही संध्याकाळी पाहून झाल्या की एक वही घालावी. तारीख, वेळ, उपग्रहाचे नाव, कोठून उगवला, कोणत्या ताऱ्याजवळून गेला, कोणत्या ताऱ्याएवढा तेजस्वी होता, कोठे छायेत शिरला. एवढे लिहिले तरी पुरे. या निमित्ताने व्याध, अगस्त्य, स्वाती, अभिजित हे तारे आपोआप ओळखीचे होतात, कारण तुलना त्यांच्याशीच करायची असते. पुढची पायरी ७×५० किंवा १०×५० मापाची द्विनेत्री दुर्बीण. तिने शेकडो अंधुक उपग्रह आवाक्यात येतात. महागडी मोठी दुर्बीण या कामाला उपयोगी नाही. तिचे दृश्यक्षेत्र इतके लहान असते की धावता उपग्रह त्यात सापडतच नाही. सूर्याकडे मात्र कोणतीही दुर्बीण कधीही रोखू नये.

जुन्या रॉकेटांचे रिकामे टप्पे गरगरत फिरतात आणि ठराविक अंतराने उजळतात, मावळतात. दोन उजळण्यांमधील सेकंद मोजणे हा मुलांसाठी उत्तम अभ्यास आहे. तालिकेतील वेळ आणि आपली वेळ यांत फरक का पडला, हे शोधणे त्याहून पुढचा. सूर्याच्या क्षोभामुळे वरचे विरळ वातावरण फुगते, उपग्रहाला अधिक घर्षण होते आणि त्याची कक्षा खाली येते. स्कायलॅब अपेक्षेपेक्षा लवकर कोसळली ती याच कारणाने.

हौशी माणसांची अशी नोंद उपयोगी पडते का, असा प्रश्न येईल. इतिहास सांगतो की पडते. स्पुटनिकच्या काळात अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपल यांनी ‘मूनवॉच’ नावाने सामान्य नागरिकांची निरीक्षक मंडळे उभारली होती. उपग्रहांची छायाचित्रे टिपणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यांचे एक केंद्र आपल्या नैनितालमध्येही होते. १९६६ मध्ये इंग्लंडमधील केटरिंग येथील शाळेचे विज्ञानशिक्षक जेफ्री पेरी आणि त्यांचे विद्यार्थी साध्या रेडिओवर सोव्हिएत उपग्रहांचे संकेत ऐकून त्यांच्या वेळा टिपत असत. त्या नोंदींवरून त्यांनी ताडले की काही उपग्रह नेहमीच्या तळावरून नव्हे, तर दुसऱ्याच ठिकाणाहून सुटत आहेत. अशा रीतीने प्लेसेत्स्कचा गुप्त तळ शाळकरी मुलांच्या वहीतून जगासमोर आला. जानेवारी २०१८ मध्ये कॅनडाचे हौशी निरीक्षक स्कॉट टिली यांना ‘इमेज’ या उपग्रहाचे संकेत सापडले. डिसेंबर २००५ पासून त्याचा संपर्क तुटलेला होता आणि त्याच्या निर्मात्यांनीही आशा सोडली होती.

ज्यांना मार्गदर्शन हवे असेल त्यांच्यासाठी पुण्याची १९४४ मध्ये स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. आपल्या शेजारी छत्रपती संभाजीनगर येथे ‘एमजीएम’चे अंतराळ विज्ञान केंद्र आहे. शाळेच्या सहलीत अशा ठिकाणांचा समावेश व्हावा.

आकाशातील परिग्रह

भारताच्या अंतराळ कार्यक्रमाचा पाया घालणारे डॉ. विक्रम साराभाई यांचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबादच्या एका जैन कुटुंबात झाला. उपग्रहाकडे त्यांनी प्रतिष्ठेची वस्तू म्हणून पाहिले नाही. खेड्यातील माणसापर्यंत शिक्षण पोहोचवण्याचे साधन म्हणून पाहिले. त्यांच्या निधनानंतर १९७५-७६ मध्ये सहा राज्यांतील २,४०० गावांत उपग्रहाद्वारे शैक्षणिक कार्यक्रम दाखवले गेले, तेव्हा ते स्वप्न प्रत्यक्षात आले. १९ एप्रिल १९७५ रोजी आपला पहिला उपग्रह ‘आर्यभट’ही आकाशात गेला.

साधन म्हणून सुरू झालेल्या गोष्टीचा संग्रह कसा होतो, हेही आकाशाकडे पाहताना कळते. आज कार्यरत उपग्रहांची संख्या दहा हजारांच्या वर गेली आहे. निकामी उपग्रह, रिकामे टप्पे आणि फुटलेले तुकडे यांची गणती निराळी. १७ मार्च १९५८ रोजी सोडलेला ‘व्हॅनगार्ड-१’ हा छोटासा गोळा केव्हाच मुका झाला, तरी अजून पृथ्वीभोवती फिरतो आहे. वर फेकलेली वस्तू सहजासहजी नष्ट होत नाही. ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या छायाचित्रांवर आता उपग्रहांच्या रेघा उमटतात आणि एकमेकांवर आदळण्याची भीती वाढते आहे. अपरिग्रहाचे व्रत फक्त घरातील कपाटापुरते नाही, याचा हा साक्षात पाठ. जेवढे सोडले तेवढे काम संपल्यावर खाली आणण्याची जबाबदारीही सोडणाऱ्याची असली पाहिजे, हे नव्या पिढीने मागावे. पण त्यासाठी तिने आधी मान वर करून पाहिले पाहिजे.

आपल्या परंपरेला आकाश नवे नाही. सूर्यप्रज्ञप्ती आणि चंद्रप्रज्ञप्ती या नावांचे आगमग्रंथच आपल्याकडे आहेत. शास्त्रातील विश्वरचनेचा विचार हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे आणि तो गुरुजनांच्या चरणी बसून करावा. येथे सांगायचे ते एवढेच, की सूर्याची गती दिवसेंदिवस पाहून ती मोजण्याची सवय आपल्या पूर्वजांना होती. पचक्खाणाची वेळ सूर्यावरून ठरवणाऱ्या समाजाने सूर्यास्तानंतरच्या आकाशाकडे पाठ फिरवू नये.

या छंदात मिळवायचे काही नाही. पाहिलेला उपग्रह आपला होत नाही, बक्षीस मिळत नाही, संग्रहात भर पडत नाही. केवळ पाहणे आणि जाणणे एवढेच उरते. आत्म्याला ज्ञाता-द्रष्टा म्हणतात, हे व्याख्यानात ऐकलेले वचन गच्चीवरच्या त्या सहा मिनिटांत थोडे जवळचे वाटते. घरातील आजी, जिने १९७९ साली भीतीने आकाशाकडे पाहिले होते, ती आता नातवंडांच्या मधोमध खुर्चीवर बसून विचारते, “आज किती वाजता येणार रे तो?” नातू वही उघडून वेळ सांगतो, आणि ठरल्या मिनिटाला ठिपका पश्चिमेकडून उगवतो.

पुढच्या निरभ्र संध्याकाळी आपणही गच्चीवर जाऊन पाहा. जय जिनेंद्र.